वंशावळीतील तीन गाळलेली नावे

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरी व प्रार्थनामंदिरांतून आज येशूच्या जन्माची कथा श्रद्धेने वाचली जाईल. मत्तयकृत शुभवर्तमानात ही कथा आहे; परंतु त्या ग्रंथाचा आरंभ पूर्वेच्या ताऱ्याने होत नाही, तो होतो वंशावळीने. अब्राहामापासून येशूपर्यंत नावांमागून नावे येतात. घाईचा वाचक ती ओलांडून पुढे जातो. आम्हा पुराणिकांना मात्र तसे करवत नाही. वंश आणि वंशानुचरित ही पुराणाच्या पंचलक्षणांपैकी दोन लक्षणे आहेत. नावांच्या रांगेत कोण आहे आणि कोण नाही, हे पाहण्याची सवय आमच्या हाडीमाशी खिळलेली असते.

ही कथा कीर्तनकाराने का सांगावी, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात तो पायंडा जुना आहे. कोकणातील बेने इस्राएल बांधवांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा कथांवर मराठी कीर्तने रचून ती झांज-पेटीच्या साथीने केली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही (१८६१–१९१९) ख्रिस्ती कीर्तनाचा पाठ घालून दिला. पुराणिकाच्या घरी वाढलेल्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आजचे आख्यान परके म्हणून दूर सारण्याचे कारण नाही.

मत्तयाच्या यादीत यहूदा देशाचे राजे ओळीने येतात. आसाचा पुत्र यहोशाफाट, त्याचा पुत्र योराम, योरामाचा उज्जीया. परंतु राजांच्या बखरी उघडल्या, तर उज्जीया हा योरामाचा पुत्र नव्हे. मध्ये तीन राजे होऊन गेले: अहज्या, योवाश आणि अमस्या. तीन पिढ्या, तीन अभिषिक्त राजे. आणि तारणाऱ्याच्या वंशावळीत त्यांना जागा नाही. असे का व्हावे?

धर्मनिष्ठ राजाची सोयरीक

उत्तरासाठी इसवी सनापूर्वीच्या ९ व्या शतकात जावे लागते. शलमोन राजाच्या पश्चात त्याच्या राज्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेस यरुशलेम राजधानी असलेले यहूदा आणि उत्तरेस इस्राएल, ज्याची राजधानी पुढे शोमरोन झाली. दोन्हीकडची माणसे एकाच पूर्वजाची लेकरे, तरी भाऊबंदकीचे वैर चालू होते.

यहूदाच्या गादीवर वयाच्या ३५ व्या वर्षी यहोशाफाट बसला. त्याने २५ वर्षे राज्य केले. तो मनाने सात्त्विक होता. राज्यारोहणानंतर तिसऱ्याच वर्षी त्याने सरदार, लेवी व याजक यांना नियमशास्त्राचा ग्रंथ घेऊन गावोगाव पाठविले आणि प्रजेला धर्माचे शिक्षण दिले. त्याला वैभव मिळाले, मान मिळाला. आणि बखरकार त्याच दमात सांगतो की, त्याने इस्राएलच्या अहाब राजाशी सोयरीक जोडली. अहाबाची कन्या अथल्या यहोशाफाटाच्या योरामाला दिली गेली.

अहाब कोणी किरकोळ राजा नव्हता. इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसराविरुद्ध जे राजे एकत्र आले, त्यांत अहाबाचे २,००० रथ व १०,००० सैनिक होते, असे शल्मनेसरानेच कोरून ठेवले आहे. तो शिलालेख कुर्ख येथे १८६१ साली सापडला. अशा बलाढ्य शेजाऱ्याशी नाते जुळावे, घरातले वैर मिटावे, असे कोणत्या सूज्ञ राजाला वाटणार नाही? यहोशाफाटाचा हेतू दुष्ट असावा असे ग्रंथात कोठेही नाही. म्हणूनच ही कथा आपणांसारख्या बऱ्या माणसांसाठी आहे.

अधर्मी म्हणजे कोण?

येथे एक शंका संभवते. अहाबाला अधर्मी का म्हणावयाचे? ग्रंथाचा पहिला आरोप असा की, त्याने सीदोनच्या राजाची कन्या ईजबेल हिच्याशी विवाह करून बआल देवतेची पूजा राज्यात आणली. आपण मूर्तिपूजक आहोत; हा आरोप वाचताना आपण थबकतो, आणि तो लपवून कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु अहाबाच्या कुळावर उच्छेदाचा शाप कोणत्या क्षणी उच्चारला गेला, ते पाहा. तो बआलाच्या वेदीपाशी उच्चारलेला नाही. तो उच्चारला गेला एका गरिबाच्या द्राक्षमळ्यात.

इज्रेल येथील राजवाड्यालगत नाबोथ नावाच्या माणसाचा मळा होता. अहाबाला तेथे भाजीपाला लावावयाचा होता. नाबोथाने वाडवडिलांची जमीन देण्यास नकार दिला. राजा रुसून अंथरुणावर पडला, अन्न घेईना. मग ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजमुद्रा उठविली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथावर देवनिंदेचा व राजनिंदेचा आळ घालून त्याला दगडांनी मारविले. अहाब मळा ताब्यात घेण्यास गेला, तेव्हा तेथे एलीया संदेष्टा उभा होता. शाप तेथे उच्चारला गेला.

आणि मत्तयाची यादी याला दुजोरा देते. तीत यरीहोची कनानी राहाब आहे, मवाबी देशाची रूथ आहे. दोघीही परक्या, तरी त्यांची नावे मानाने घेतली आहेत. उलट स्वकीय रक्ताच्या अहाबाच्या लेकीचे बीज जेथे मिसळले, तेथे तीन नावे गळाली. परधर्मी आणि अधर्मी हे दोन शब्द एकच नव्हेत, हे आपण नीट ध्यानात ठेवावे.

शब्द आधी, कौल मागून

सोयरिकीनंतर काही वर्षांनी यहोशाफाट शोमरोनास व्याह्याकडे गेला. अहाबाने त्याच्यासाठी व त्याच्या लोकांसाठी पुष्कळ मेंढरे व गुरे कापून थाटाची मेजवानी केली आणि मग हळूच विषय काढला: अरामी लोकांकडून रामोथ-गिलाद घ्यावयाचे आहे, येणार का? यहोशाफाटाने तत्काळ शब्द दिला की, आपण आणि आपली प्रजा अहाबाचीच समजावी. शब्द दिल्यावर त्याला आठवण झाली आणि तो म्हणाला की, आधी परमेश्वराची इच्छा विचारून घ्यावी.

महाभारताच्या श्रोत्यांना येथे शल्य आठवेल. पांडवांच्या मदतीस निघालेल्या त्या मामाला वाटेत ठिकठिकाणी उत्तम पाहुणचार मिळाला. प्रसन्न होऊन त्याने वर देऊ केला आणि मग कळले की, यजमान दुर्योधन आहे. शल्याला निदान यजमान ठाऊक नव्हता. यहोशाफाटाला तो पुरता ठाऊक होता.

अहाबाच्या पदरचे ४०० संदेष्टे एकमुखाने विजय सांगू लागले. यहोशाफाटाचे समाधान होईना. आणखी कोणी आहे का, असे त्याने विचारले. एक मीखाया आहे, अहाब म्हणाला, पण तो आपल्याविषयी कधी बरे बोलत नाही, म्हणून आपण त्याचा द्वेष करतो. मीखायाने पराभव व राजाचा मृत्यू सांगितला. त्याच्या तोंडात मारण्यात आली आणि अपुऱ्या भाकरी-पाण्यावर त्याला बंदिखान्यात टाकण्यात आले. यहोशाफाट हे सर्व सिंहासनावर बसून पाहत होता. त्याने स्वतः मागविलेला सत्यवक्ता त्याच्या डोळ्यांदेखत तुरुंगात गेला, आणि तो युद्धावर गेला. कारण शब्द दिलेला होता.

रणांगणावर अहाब वेष पालटून गेला. व्याह्याला मात्र त्याने राजवस्त्रे घालावयास सांगितले. शत्रूने यहोशाफाटालाच इस्राएलचा राजा समजून घेरले. त्याने आकांत केला, तेव्हा देवाने त्याला सोडविले. कोणा एकाने सहज सोडलेला बाण अहाबाच्या चिलखताच्या सांध्यात घुसला आणि सूर्यास्ताच्या सुमारास तो मरण पावला.

यहोशाफाट सुखरूप घरी आला. वाटेत येहू नावाच्या द्रष्ट्याने त्याला विचारले की, दुर्जनांना साह्य करणे तुला शोभते काय? राजा सावरला, देशात न्यायाधीश नेमून त्यांना लाच न घेण्याची ताकीद दिली. तरीही पुढे अहाबाच्या एका पुत्राबरोबर त्याने एस्योन-गेबेर येथे जहाजे बांधली, ती फुटली. दुसऱ्या पुत्राबरोबर तो मवाबावर चालून गेला. सैन्य पाण्यावाचून मरणाच्या दारी पोहोचले. परंतु स्वतः यहोशाफाट प्रत्येक वेळी वाचला. त्याची निष्ठा ढळली नाही.

वासराला लागलेला गुण

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो. येथे पवळ्याला वाणही लागला नाही आणि गुणही लागला नाही. तो लागला गोठ्यातल्या वासराला.

यहोशाफाट गेला आणि योरामाने गादीवर स्थिर होताच आपल्या सहा भावांना तरवारीने मारले. आठ वर्षांनी तो आतड्यांच्या व्याधीने मेला, तेव्हा कोणी हळहळले नाही. त्याचा पुत्र अहज्या आईच्या सल्ल्याने वागला. आजोबा ज्या रामोथ-गिलादाहून वाचून आले होते, तेथेच तो अहाबाच्या पुत्राला साथ देण्यास गेला. आणि त्या घायाळ मामाच्या समाचाराला गेला असता मारला गेला. मग अथल्येने स्वतःच्याच नातवंडांचा संहार मांडला. आपल्याला कंस आठवतो. तेथेही एक बालक वाचले. याजक यहोयादा याची पत्नी यहोशेबा हिने तान्ह्या योवाशाला दाईसह मंदिरात सहा वर्षे लपविले आणि सातव्या वर्षी त्याला राज्याभिषेक झाला. ज्याच्या हाताने मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी दानपेटी ठेवली गेली, त्याच योवाशाने यहोयादाच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राला मंदिराच्या अंगणात दगडांनी मारविले. त्याचा पुत्र अमस्याही चांगला आरंभ करून बिघडला. अहज्या, योवाश, अमस्या: तिघांचाही अंत घातपाताने झाला.

मत्तयाला १४-१४ पिढ्यांचे तीन गट करावयाचे होते, म्हणून नावे कमी केली, असे काही पंडित म्हणतात. ते खरेही असेल. पण मग हीच तीन का? दुराचारी मनश्शेचे नाव यादीत आहे. म्हणजे केवळ वैयक्तिक पापामुळे कोणी गळलेले दिसत नाही. चौथ्या-पाचव्या शतकांतील थोर भाष्यकार जेरोम याने म्हटले आहे की, ईजबेलीच्या कुळाशी संबंध जडल्यामुळे तिसऱ्या पिढीपर्यंतची स्मृती पुसली गेली. मला हेच मत पटते.

जक्कयाचे घर आणि अहाबाचे घर

कोणी म्हणेल, येशू स्वतः जकातदारांच्या पंक्तीला जेवला, मग दुर्जनांचा सहवास वर्ज्य कसा? जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी तो उतरला, तेव्हा जक्कयाने अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. तेथे पाहुण्याने यजमानाला बदलले. शोमरोनात यजमानाने पाहुण्याला बांधले. दुर्जनाच्या घरी जाण्यात दोष नाही. त्याच्या कामाला आपले नाव, आपला शब्द आणि आपले मौन देण्यात दोष आहे.

हे मी ग्रंथावरूनच सांगतो असे नाही. माझ्या तिशीत एका धनिकाच्या वाड्यात मी नऊ दिवस कीर्तन केले. रोज पंक्तीला बसलो, शाल घेतली, बिदागी घेतली. त्याने एका विधवेचे शेत खोट्या कागदावर घेतले आहे, हे गावाला ठाऊक होते, मलाही होते. पुढे ती बाई माझ्याकडे आली. पंचांपुढे एक शब्द टाका, एवढेच तिचे मागणे. मी तिला कोर्टाची वाट दाखविली. ती पुन्हा माझ्या कीर्तनाला आली नाही. माझ्या मागे झांज घेऊन उभा राहणारा दहा वर्षांचा मुलगा तेव्हा ओसरीवर बसला होता. तो काही बोलला नाही. पुष्कळ वर्षांनी, तो कर्ता झाल्यावर, अमक्या माणसाशी भागी करू नकोस, त्याचा पैसा स्वच्छ नाही, असे मी त्याला बजावले. तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, तुम्ही त्या वाड्यात नऊ दिवस जेवलात ना?”

मला उत्तर देता आले नाही. मी कोठे बिघडलो होतो? संध्या चुकली नव्हती, एकादशी मोडली नव्हती. यहोशाफाटही बिघडला नव्हता.

आता लग्नसराई आहे. घरोघर स्थळे पाहिली जातील, भागीदाऱ्या ठरतील. घराणे, शिक्षण, मिळकत आपण पाहूच. पण त्या मिळकतीत कोणा नाबोथाचा मळा तर नाही ना, हेही पाहावे. आणि देवाला कौल लावावयाचा तो सुपारी फुटण्यापूर्वी लावावा. शब्द दिल्यावर लावलेला कौल ऐकण्याचे बळ माणसात उरत नाही. आपण कदाचित तरून जाऊ. मागे झांज घेऊन उभे असलेले लेकरू तरेलच, असे नाही.

आजच्या या मंगल दिवशी सर्वांच्या घरी सत्संग नांदो, आणि कोणाच्याही वंशावळीत नाव गाळण्याची वेळ न येवो, एवढीच प्रार्थना.