भेकराच्या कानातली गोचीड

दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण सापडले, पुढच्या वर्षी साथ बांदा-सावंतवाडीकडे सरकली. तेव्हापासून जिल्ह्यात गोचिडीबद्दल ऐकीव गोष्टींना ऊत आला आहे.

त्यांतली पहिली म्हणजे हरणाची गोचीड निराळी, गुरांची निराळी. मोबाइलवर ‘हरणाची गोचीड’ शोधली तर फोटो दिसतो अमेरिकेतल्या, लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडीचा. आपल्या सांबर-भेकरांवर अनेक जाती असतात आणि त्यांतल्या काही गुरांवरही पोसतात. माकडतापाची मुख्य वाहक हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा त्यांतलीच.

मग रंगावरून, आकारावरून ओळखावी? छे! रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुठल्याही जातीची असो, राखाडी एरंडीच दिसते. बघायची ती पाठीवरची ढाल आणि तोंड. नराची ढाल पाठभर असते, म्हणून तो फुगत नाही; मादीची फक्त पुढच्या भागावर. गुरांवरच्या नेहमीच्या गोचिडीला ढालीच्या कडेला बारीक डोळे असतात. हीमाफायसॅलिसला ते नसतातच, तोंडाजवळचे स्पर्शक बाहेरच्या बाजूला फाकलेले असतात आणि पाठीच्या मागच्या कडेला खाचा असतात. स्पिनिजेराच्या नराला चौथ्या पायांच्या मुळाशी लांब काटे असतात. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखालचं काम. अंगणात बसून नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

शिवाय माणसाला धोका या टपोऱ्या गोचिडीचा फारसा नाहीच. माकडताप देते ती मुख्यतः पिलू आणि पूर्ण वाढलेली गोचीड यांच्या मधल्या अवस्थेतली, जेमतेम मिलिमीटरभर. डिसेंबर ते मे हा तिचा हंगाम, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण काजूच्या बिया वेचतो, पातेरा गोळा करतो. तिला आठ पाय असतात, कारण गोचीड कोळ्याच्या गोतातली. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र सहाच, त्यामुळे ते किडा वाटतं.

ती झाडावरून उडी मारत नाही. गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट बघते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला त्याच पायांनी कळतो.

माकडांवर राग काढण्यातही अर्थ नाही. तापाने वानर, केलडी स्वतःच मरतात; मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या बाधित गोचिड्या तिथेच उतरतात. म्हणून जवळ न जाता वनखात्याला कळवायचं. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

अंगाला चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतू नका, विडीचा चटका देऊ नका. कातडीलगत चिमट्याने धरून सरळ ओढा. ओळख हवी असेल तर अल्कोहोलच्या बाटलीत टाका. प्राणी, गाव, तारीख चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून चिठ्ठी आतच सोडा. शाई विरघळते.