घटस्फोट आणि विवाहशून्यता : दोन न्यायासने, दोन निर्णय

विवाह मोडल्यानंतर धर्मगुरूंकडे येणाऱ्या भाविकांच्या मनात बहुधा दोनपैकी एक गैरसमज असतो. 'कोर्टाने घटस्फोट दिला आहे, आता चर्चमध्ये दुसरे लग्न लावता येईल,' हा पहिला. 'ट्रायब्युनलने विवाह शून्य ठरवला आहे, आता कोर्टाची गरज नाही,' हा दुसरा. दोन्हींमुळे कुटुंबे अडचणीत येतात. म्हणून या दोन्ही प्रक्रिया समजून घेणे अगत्याचे आहे.

दिवाणी कायदा

ख्रिस्ती विवाहांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. मूळ कायद्यात पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र सर्वसाधारणपणे व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. आता व्यभिचार, क्रौर्य, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर इत्यादी कारणांवरून पती किंवा पत्नी दोघांनाही समान अर्ज करता येतो.

याच दुरुस्तीने कलम १०-अ अन्वये परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली. त्यासाठी कायद्याच्या शब्दांनुसार दोन वर्षे विभक्त राहिलेले असावे लागते. संयुक्त अर्जानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी न्यायालयापुढे संमती पुन्हा व्यक्त करावयाची असते. २०१० साली केरळ उच्च न्यायालयाने ही दोन वर्षांची अट एक वर्षाची मानावी, असा निर्णय दिला. आपल्या प्रकरणी काय लागू होईल, हे वकिलांना विचारावे.

मांजरी-हडपसर परिसरातील दांपत्यांचे अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालतात. तेथे प्रथम समुपदेशकांमार्फत समेटाचा प्रयत्न होतो. पोटगी व मुलांचा ताबा यांविषयीचे आदेशही तेथेच मिळतात.

ख्रिस्तसभेचा कायदा

वैध विवाहसंस्कार झाला व दांपत्यजीवन सुरू झाले, की ते बंधन कोणतीही मानवी सत्ता तोडू शकत नाही. म्हणून ट्रायब्युनल घटस्फोट देत नाही. विवाहाच्या क्षणीच संमतीत मूलभूत दोष होता काय, एवढेच ते तपासते : जबरदस्ती, फसवणूक, निर्णयक्षमतेचा गंभीर अभाव, अपत्ये किंवा निष्ठा यांना मनोमन नकार. अर्ज दाखल झाल्यावर दोन्ही पक्षांचे व साक्षीदारांचे म्हणणे घेतले जाते. विवाहबंधनाच्या बाजूने युक्तिवाद करण्यासाठी बंधनरक्षक नेमलेला असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सुलभ केली. निर्णयावर दुसऱ्या ट्रायब्युनलचे शिक्कामोर्तब अनिवार्य राहिले नाही. विवाह शून्य ठरला म्हणून मुले अनौरस ठरतात, ही भीती निराधार आहे. किमान एका पक्षाने सद्भावनेने केलेल्या विवाहातील अपत्ये औरसच मानली जातात.

दोन्ही निर्णय आवश्यक

ट्रायब्युनलचा निर्णय सरकारी कायद्यापुढे घटस्फोट ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. त्याला मान्यता मिळावी अशी याचिकाही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळण्यात आली. केवळ त्या निर्णयावर विसंबून पुनर्विवाह करणारा द्विभार्याप्रतिबंधाच्या गुन्ह्यात अडकू शकतो. उलट, केवळ कोर्टाच्या आदेशावर चर्चमध्ये विवाह होऊ शकत नाही. पुनर्विवाहासाठी दोन्ही निर्णय हाती हवेत.

आणखी एक गोष्ट अनेक भगिनींच्या मनाला बोचत असते. छळापासून संरक्षण, मुलांचे संगोपन वा हक्काची मालमत्ता यांसाठी दुसरा मार्ग नसेल, तर दिवाणी घटस्फोट घेणे हे नैतिक पाप नव्हे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. केवळ घटस्फोटित असल्याने, पुनर्विवाह न केलेल्या व्यक्तीला ख्रिस्तप्रसादापासून दूर राहावे लागत नाही. तिला मागच्या बाकावर बसवणारी आपली कुजबुज मात्र ख्रिस्ती प्रीतीला शोभणारी नाही.

जिवाला धोका असेल तेथे प्रथम सुरक्षित स्थळी जावे. अन्य वेळी, नाते तुटण्याआधीच आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे. विवाहाचा दाखला, स्नानसंस्काराचा दाखला व उपलब्ध कागदपत्रे जपून ठेवावीत. संकटातील कुटुंबाला निवाड्याइतकीच आपल्या सोबतीचीही गरज असते.