पत्र पाकिटात, खूण पाकिटावर

कारापुरात आमच्या शेजारच्या काकांचे एकेकाळी तीन ट्रक होते. गोव्याच्या डिचोली तालुक्यात ट्रक म्हटला की खनिजाचा, हे वेगळे सांगायला नको. खाण ते जेटी अशा फेऱ्या, वजनकाट्याच्या पावत्या, डिझेलची बिले आणि ऑफिसातून येणारे ईमेल. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, २०१४मध्ये बंदी उठली, २०१८च्या फेब्रुवारीत ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळे ठप्प. ट्रक विकले गेले. ईमेल राहिले.

पावसात वीज आणि नेट एकदमच जातात, म्हणून काकांच्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर मी त्यांचे सगळे जीमेल उतरवून ठेवले होते. चवथीच्या आधी त्यांनी काम सांगितले, ‘सोळा मार्चच्या आधीचे सगळे एका बाजूला काढ आणि वाचलेले म्हणून खूण कर. तो न वाचलेल्यांचा आकडा बघवत नाही रे.’ माउसने हे करायला आठवडा लागला असता, म्हणून काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांड लाइनवर करायचे ठरवले. त्या दोन संध्याकाळींत काही गैरसमज त्यांचे निघाले, काही माझे.

काकांचा पहिला प्रश्न होता, हे हॅकर लोकांचे काम ना? नाही. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांकडे नुसते अक्षरांचे ‘शेल’ खाते असे. मोडेमची किरकिर संपली की पाइन नावाचा प्रोग्रॅम उघडायचा आणि बाणाच्या कळांनी पत्रे खालीवर करायची. आज पन्नाशीत असलेल्या अनेक मराठी इंजिनिअरांनी आपला पहिला ईमेल असाच वाचला. चित्रांची खिडकी नंतर आली.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. ईमेल हे ॲपच्या पोटात असते, ॲपशिवाय त्याला हात लावता येत नाही, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात साठवलेला ईमेल ही साधी फाइल असते. प्रश्न एवढाच, की एका फाइलीत एक पत्र की सगळी पत्रे. जुन्या एमबॉक्स पद्धतीत अख्खा फोल्डर ही एकच लांबलचक फाइल, पत्रामागे पत्र चिकटवलेले, एखाद्या बाडासारखे. त्यात वाचल्याची खूण पत्राच्या मथळ्यातच ‘स्टेटस’ म्हणून लिहिली जाते. मधले एक पत्र हलवायचे तर बाड पुन्हा लिहावे लागते, आणि त्याच क्षणी नवे पत्र आले तर गोंधळ.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९५च्या सुमारास क्यूमेल या आपल्या प्रोग्रॅमसाठी मेलडिर ही पद्धत काढली, ती या गोंधळावरचा उपाय म्हणूनच. प्रत्येक पत्राला स्वतंत्र फाइल आणि प्रत्येक फोल्डरात तीन कप्पे. ‘टेम्प’मध्ये पत्र लिहून पुरे होते, मग ते ‘न्यू’मध्ये सरकते, आणि मेल वाचायच्या प्रोग्रॅमने त्याची दखल घेतली की ‘कर’मध्ये जाते. हा ‘कर’ म्हणजे ‘करंट’चा संक्षेप, पालिकेचा नव्हे.

आता खुणांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. तारांकित, वाचलेले, उत्तर दिलेले या गोष्टी पत्राच्या आत लिहिल्या जातात असे मलाही बरीच वर्षे वाटत असे. मेलडिरमध्ये पत्राच्या मजकुराला कोणी हातही लावत नाही. खूण असते फाइलीच्या नावावर. नावाच्या शेवटी आपल्या विसर्गासारखा दिसणारा कोलन, त्यापुढे २ आणि स्वल्पविराम, आणि त्यापुढे एकेक रोमन अक्षर: मसुदा असेल तर डी, ध्वज म्हणजे तारा लावला असेल तर एफ, पुढे पाठवले तर पी, उत्तर दिले तर आर, वाचले तर एस, केराच्या टोपलीसाठी टी. अक्षरे वर्णानुक्रमानेच लिहायची. वाचलेले आणि तारांकित पत्र ‘एफएस’ असते, ‘एसएफ’ नव्हे. म्हणजे हजार पत्रांवर ‘वाचले’ची खूण करणे हे हजार फाइलींचे नाव बदलणे आहे. नाव बदलायची ‘एमव्ही’ ही आज्ञा प्रत्येक लिनक्स यंत्रात पहिल्या दिवसापासून असते. ‘न्यू’मधल्या पत्राला मात्र नुसते अक्षर जोडून भागत नाही. त्याला ‘कर’मध्ये आणावे लागते, कारण खुणा तिथल्याच नावांवर वाचल्या जातात.

हे सगळे हाताने करायचे नसेल तर तयार साधने आहेत. एमब्लेझ नावाच्या छोट्या आज्ञांच्या संचात ‘एमफ्लॅग’ खूण करतो आणि ‘एमरिफाइल’ पत्र हलवतो. ही नावे जुन्या घराण्यातली. १९७९ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत ब्रूस बॉर्डन यांनी एमएच ही प्रणाली लिहिली. ‘रिफाइल’ आणि ‘मार्क’ या आज्ञा तिच्याच. एमएचमध्ये खूण फाइलीच्या नावावर नसते, फोल्डरातल्या एका लहानशा वहीत असते. पत्र दुसऱ्या फोल्डरात गेले, की वही सहसा मागेच राहते.

आता माझ्या चुका. फाइलीची तारीख म्हणजे पत्राची तारीख, असे धरून मी ‘फाइंड’ या आज्ञेला १६ मार्च २०१८च्या आधीच्या फाइली मागितल्या. उत्तर आले शून्य! सगळी पत्रे मी एकाच दिवशी उतरवली होती, त्यामुळे सगळ्या फाइलींवर त्याच दिवसाची तारीख. पत्राची खरी तारीख त्याच्या मथळ्यात, ‘डेट’ या ओळीत असते. तीच वाचणारे साधन घ्यायला हवे.

मग ‘ग्रेप’ने ‘कारापूर’ शोधले. काकांना मराठीत पत्रे लिहिणारा एक ठेकेदार होता, त्याची दहा तरी पत्रे निघायला हवी होती. एकही निघाले नाही. ईमेलची मूळ वाट फक्त रोमन अक्षरांसाठी बांधलेली; देवनागरीला तीवरून जाताना वेश बदलावा लागतो. बेस६४ या पद्धतीत तीन बाइटांची चार रोमन चिन्हे होतात आणि आपले प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, बरोबर तीन बाइटांची. त्यामुळे ‘क’ तिथे ४ हा आकडा आणि के, एस, व्ही ही अक्षरे होऊन बसतो. ग्रेपला तो दिसतो, ओळखू येत नाही. म्यू किंवा नॉटमच ही साधने आधी वेश उतरवून मग शोधतात, म्हणून मराठी पत्रांसाठी तीच वापरावीत. नॉटमच तर पत्र दुसऱ्या फोल्डरात हलवतच नाही. ते पत्राला बिल्ला लावते आणि बिल्ल्यांची नोंद आपल्या कोठारात ठेवते. फाइल त्याच फोल्डरात राहते, हे पुष्कळांना उशिरा कळते.

काही हलवण्याआधी प्रत ठेवावी म्हणून सगळे पेनड्राइव्हवर टाकायला गेलो. न वाचलेली पत्रे मुकाट गेली, वाचलेली एकूणएक अडली. भूत असल्यासारखेच वाटले. कारण फाइलींच्या नावांतच होते: पेनड्राइव्हच्या फॅट पद्धतीला फाइलीच्या नावात कोलन चालत नाही, आणि ‘न्यू’मधल्या नावांत सहसा कोलन नसतो. सगळे आधी एका टार फाइलीत बांधले, मग गेले.

‘हलवणे म्हणजे प्रत काढून मूळ पुसणे’ हे मात्र अर्धे खरे आहे. एकाच डिस्कवर एमव्ही फक्त नाव-पत्ता बदलते; पत्र एक तर इथे असते नाही तर तिथे, मधल्या अवस्थेत कधीच नाही. सर्व्हरवर गोष्ट वेगळी. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या आयमॅपमध्ये कितीतरी वर्षे हलवण्याची आज्ञाच नव्हती. प्रत काढा, मूळ पत्रावर ‘डिलीटेड’ खूण करा, मग ‘एक्स्पंज’ म्हणून झाडून काढा. सरळ ‘मूव्ह’ २०१३मध्ये आली. म्हणूनच ‘डिलीटेड’ खूण आणि पुसले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलडिरमधला टीसुद्धा नुसता इरादा असतो. जीमेल आणखी निराळे. तिथे फोल्डर नाहीत, लेबले आहेत, आणि दोन लेबलांचे एकच पत्र लॅपटॉपवर दोन फाइली होऊन उतरते.

शेवटचा सापळा मला ठाऊक होता तरी मी पडलो. एमबीसिंक हा प्रोग्रॅम लॅपटॉप आणि सर्व्हर यांचा मेळ घालताना प्रत्येक फाइलीच्या नावात यू हे अक्षर आणि त्या फोल्डरातला क्रमांक घालतो. पत्र दुसऱ्या फोल्डरात नेले आणि तो क्रमांक तसाच राहिला, तर तिथल्या एखाद्या पत्राशी त्याची टक्कर होते आणि मेळ अडतो. हलवताना नावातला तेवढा भाग काढायचा असतो. मी दुसऱ्या रात्री काढला.

मग नेट आले, मेळ लागला आणि काकांच्या फोनवरचा आकडा उतरत गेला. ‘खंय गेले रे सगळे?’ म्हणून त्यांनीच विचारले. जुन्या फोल्डरात आहेत म्हटल्यावर चष्मा लावून खाली खाली गेले आणि मार्च २०१८च्या शेवटच्या फेरीच्या बिलापाशी थांबले. त्याचे पैसे आले होते का, हे त्यांना आठवेना. ‘हे एक न वाचलेलेच ठेव. विचारून बघतो.’ त्या फाइलीच्या नावातला एस मी काढला आणि पुढच्या मेळात ते ठळक अक्षरांत परत वर आले.