टीव्हीचा स्टँड : निवड, जोडणी आणि त्यात दडलेली भूमिती



टीव्ही निवडायला आपण आठ-आठ दिवस घालवतो, स्टँड मात्र दहा मिनिटांत ठरतो. दुकानदार म्हणतो, "मॅडम, त्रेचाळीस इंचीला हा बरोबर बसतोय बघा," आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. आमच्या घरीही असंच झालं. टीव्हीचे पाय स्टँडच्या दोन्ही कडांवर जेमतेम टेकत होते. एका संध्याकाळी चार वर्षांच्या पुतणीने कार्टूनमधल्या सशाला हात लावायला म्हणून वरची कड धरली आणि टीव्ही पुढे कलला. सासरे शेजारीच बसले होते, त्यांनी धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून स्टँडकडे नुसती शोभेची वस्तू म्हणून बघायचं मी सोडलं. त्याविषयीच आज लिहिते. आठवी ते दहावीच्या गणिताला आणि विज्ञानाला वापरता येईल असंही बरंच काही यात सापडेल.

खोक्यावरचा आकडा म्हणजे रुंदी नव्हे

'४३ इंची टीव्ही' म्हणजे ४३ इंच रुंद टीव्ही, असं पुष्कळांना वाटतं. ते माप कर्णाचं असतं. त्यातही खोक्यावर नीट बघा : '१०८ सेंमी' असं छापलेलं असतं. १०८ ला २.५४ ने भागलं की साडेबेचाळीस इंच येतात, म्हणजे ४३ हा जवळचा पूर्णांक झाला.

आजच्या पडद्याची रुंदी आणि उंची १६ : ९ या प्रमाणात असते. १६ चा वर्ग २५६, ९ चा ८१, बेरीज ३३७, वर्गमूळ सुमारे १८.३६. म्हणजे कर्ण १८.३६ असेल तर रुंदी १६. साडेबेचाळीस इंची कर्णाला हे लावा : रुंदी सुमारे ३७ इंच, उंची सुमारे २१ इंच. ३२ इंचीला रुंदी साडेसत्तावीस, तर ५५ इंचीला साधारण साडेसत्तेचाळीस. दहावीच्या मुलांना पायथागोरसचं प्रमेय शिकवताना शिडी आणि भिंतीऐवजी एकदा हे उदाहरण घालून बघा. मुलं घरी जाऊन टेप लावतात.

जुन्या डबा टीव्हीचं गणित तर याहून सुंदर होतं. त्याचं प्रमाण ४ : ३, म्हणून कर्ण ५. कर्ण २० इंच असेल तर रुंदी १६ आणि उंची १२, वर्गमूळ काढायचीही गरज नाही. आपल्याकडच्या जुन्या शोकेसमधला टीव्हीचा कप्पा जवळपास चौकोनी आणि भरपूर खोल असतो तो यामुळेच. अशा कप्प्यात आजचा ३२ इंचीसुद्धा आडवा मावत नाही. त्यासाठी चांगली सागवानी शोकेस मोडून टाकणारे बघितले की वाईट वाटतं. मधली उभी फळी काढून कप्पा रुंद करता येतो का, हे आधी सुताराला विचारा.

स्टँड घेताना मात्र रुंदीपेक्षाही महत्त्वाचं माप वेगळंच आहे, ते म्हणजे टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर. आता बहुतेक टीव्हींना मधोमध एक बैठक नसते, दोन टोकांना दोन पाय असतात. त्या पायांची बाहेरची टोकं धरून माप घ्या आणि स्टँडचा माथा दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन इंच जास्त घ्या. पायांची पुढची-मागची खोलीही मोजा. माथा त्याहून निदान चार इंच खोल हवा. टीव्ही अजून घरी आला नसेल, तर ही मापं दुकानातच टेपने घ्यावीत. टेप पर्समध्ये ठेवायला लाज वाटण्याचं कारण नाही.

उंची कुणाच्या डोळ्यांना?

सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर असतात. नजर पडद्याच्या वरच्या एक तृतीयांश भागावर सरळ पडली की मान अवघडत नाही. ४३ इंचीसाठी हिशेब केला तर स्टँड २३ इंचांच्या आसपास येतो. पण कोल्हापुरात किती घरांत सगळे सोफ्यावर बसतात? जुन्या घरातल्या सोप्यात सतरंजी पसरून, भिंतीला टेकूनच टीव्ही बघितला जातो. तिथे डोळे तीस इंचांच्याही खाली येतात आणि १२ ते १४ इंचांचा बुटका स्टँड पुरतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, तेव्हा पहिली-दुसरीची मुलं उंच स्टँडसमोर जमिनीवर बसून मान वर करून बघत असल्याचे फोटो पालकांनी मला पाठवले होते. आपल्या घरी जास्त वेळ कोण बघतं, कुठे बसून बघतं, ते ठरवा आणि त्याच्या डोळ्यांची उंची टेपने मोजा. बुटक्या स्टँडचा आणखी एक फायदा म्हणजे पडलाच तर टीव्ही कमी उंचीवरून पडतो.

लाकूड, प्लाय की लोखंड

बाजारातले स्वस्त, सुट्या भागांत मिळणारे स्टँड बहुतेक पार्टिकल बोर्डचे असतात, म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून केलेली फळी, वर कागदी मुलामा. कोरड्या घरात ती ठीक चालते. पण कडेतून पाणी शिरलं की फुगते आणि परत बसत नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. पूर ओसरल्यावर अशा घरांतून फुगलेल्या फळ्या बाहेर काढाव्या लागतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

तुमच्या गल्लीत पाणी येत असेल, तर माझं मत सरळ आहे. उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम करून घ्या आणि वर प्लायचा माथा नटबोल्टने बसवा. पाणी वाढायला लागलं की माथा सोडवून टीव्हीबरोबर माळ्यावर जातो, फ्रेम धुऊन रंगवता येते. प्लाय घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा आहे, तर आयएस ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा. महाग पडतो, पण पुराच्या गल्लीत आणि ओल येणाऱ्या भिंतीपाशी तोच परवडतो. उंचावर राहणाऱ्यांनी एवढा खर्च करण्याची गरज नाही.

जोडणी

सुटा स्टँड घरी आला की आधी सगळे भाग सतरंजीवर मांडा, स्क्रू मोजा आणि कागदावरच्या चित्राशी ताडून बघा. लाकडी खुंट्या आधी, मग कॅम लॉक. कॅम लॉक म्हणजे ती बटणासारखी गोल चकती. ती साधारण अर्धा फेरा फिरवली की आतल्या बोल्टचं डोकं ओढून धरते. त्यापुढे जोर लावला की बोर्डाचा चुरा सुटतो आणि ती जागा कायमची ढिली होते. पहिल्यांदा सगळे सांधे नुसते अडकवा, कुठलाच पुरता आवळू नका. एक बाजू घट्ट केली की दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत.

यानंतरच्या टप्प्यावर बहुतेक घरांत चूक होते. मागची पातळ फळी लोकांना निरुपयोगी वाटते. "भिंतीकडे तोंड आहे, कोण बघतंय?" म्हणून ती लावतच नाहीत, किंवा वायरी काढायला मोठं भगदाड पाडतात. वर्गात एक प्रयोग करा. रिकाम्या काडेपेटीची आतली पेटी काढून टाका आणि बाहेरचं कवच बोटांत धरून तिरकं दाबा. चौकोन लगेच झुकतो. आता त्याच कवचाच्या एका उघड्या तोंडावर कार्डाचा तुकडा चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा दाबा. हलत नाही. चौकोनाच्या बाजू तशाच ठेवूनही त्याचे कोन बदलता येतात, त्रिकोणाचे येत नाहीत. बाबाबा कसोटी तेच सांगते : तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. मागची फळी स्टँडच्या चौकोनात कर्णाचं काम करते आणि त्याचे दोन त्रिकोण करते. ती नसेल तर स्टँड हळूहळू एका अंगाला झुकतो आणि सगळा भार त्या चार-सहा कॅम लॉकवर येतो.

फळी ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपने मोजा. आयताचे कर्ण समान असतात हे आपण फळ्यावर सिद्ध करतो, सुतार ते रोज वापरतात. फरक एक-दोन सूत असला तरी चालतो (एका इंचात आठ सूत). जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर तळहाताने दाबून सारखा करा, मग चार-पाच इंचांवर एकेक खिळा ठोका आणि शेवटी सगळे सांधे आवळा. वायरींसाठी मधोमध रुपयाच्या दोन नाण्यांएवढं भोक पुरे.

शहाबादी फरशीवर स्टँड डुगडुगतोच. कागदाच्या घड्या घालू नका, त्या दबतात. लाकडाची पातळ पाचर घाला किंवा पायांना लेव्हलर लावून घ्या.

टीव्ही बांधायचा कशाला?

आता पुतणीच्या प्रसंगाचा हिशेब करू. टीव्हीचं वजन ९ किलो, पायांची खोली ९ इंच, वरची कड स्टँडच्या माथ्यापासून २४ इंचांवर. ओढल्यावर टीव्ही पुढच्या पायांच्या टोकांवर कलंडतो. वजन मधोमध धरलं तर ते त्या टोकापासून साडेचार इंचांवर. ९ गुणिले ४.५ म्हणजे ४०.५, भागिले २४, उत्तर सुमारे १.७. म्हणजे पावणेदोन किलो वजन उचलायला लागतो एवढाच जोर. दोन लिटर पाण्याची बाटली उचलायला याहून जास्त लागतो. चार वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं. ड्रॉवर असलेला स्टँड असेल तर मुलं उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढतात आणि स्टँडच पुढे येतो. अमेरिकेत ड्रॉवरची कपाटं अशीच मुलांच्या अंगावर पडली, म्हणून २०१६ मध्ये आयकियाने तिथली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलावली आणि २०२२ मध्ये त्यावर कायदाही झाला.

उपाय दीड-दोनशे रुपयांचा असतो. टीव्हीच्या पाठीवर भिंतीला टांगण्यासाठी चार भोकं असतात. त्यांतल्या वरच्या दोन भोकांत, माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाच्याच स्क्रूने, नायलॉनचा पट्टा अडकवा आणि तो भिंतीत प्लग मारून ताणून बांधा. स्टँडलाही मागून दोन एल-अँगल लावून भिंतीत पकडा. विटा-सिमेंटच्या भिंतीत हे अर्ध्या तासाचं काम आहे. खेड्यातल्या जुन्या घरात भिंत मातीच्या भेंड्यांची असते, तिथे प्लग धरत नाही, मातीसकट बाहेर येतो. अशा भिंतीवर टीव्ही टांगण्याचा विचारच करू नका. स्टँड सोप्यातल्या लाकडी खांबाला लागून ठेवा आणि पट्टा खांबाला बांधा. खांब नसेल तर पट्टा स्टँडच्याच मागच्या कडेला स्क्रूने पक्का करा आणि खालच्या कप्प्यात जड वस्तू ठेवा. आमच्याकडे तिथे जुने दिवाळी अंक आहेत.

बांधून झालं की टीव्हीची वरची कड धरून हळूच पुढे ओढून बघा. बोटभरही पुढे आला तर पट्टा सैल आहे, पुन्हा ताणा. साफसफाईत टीव्ही हलवला की पट्टा परत बांधायचा राहतो, आमचा गेल्या गणपतीत तसाच राहिला होता.