औषधाची धूळ आणि कामगार
रुग्णाला तारणारे द्रव्य ते घडविणाऱ्याच्या श्वासात गेले तर काय होते? पोर्तो रिकोमधील संततिनियमनाच्या गोळ्यांच्या एका कारखान्याची पाहणी १९७८ साली प्रसिद्ध झाली. तीत पुरुष कामगारांत स्तनवृद्धी व स्त्रियांत अवेळी रक्तस्राव आढळल्याची नोंद आहे.

अशा द्रव्याची हवेतील मर्यादा ठरविताना, ज्या मात्रेने काहीच अपाय दिसत नाही तिला प्रथम सावधगिरीच्या भाजकांनी भागतात. मग ८ तासांच्या पाळीत श्वासावाटे जाणाऱ्या सुमारे १० घनमीटर हवेने. दिवसाची निर्धोक मात्रा १०० मायक्रोग्रॅम आली, तर मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम. एवढी धूळ डोळ्यांना दिसतही नाही! तेथे नाकावरचा रुमाल कुचकामी. बंदिस्त यंत्राचा खर्च मालाच्या भावातच धरावा लागतो, आणि हा हिशेब व्यापाऱ्याला अवघड नाही.