बालसंरक्षणाचे काम करणारी माणसे

लंडनमध्ये २५ फेब्रुवारी २००० रोजी व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी मरण पावली. शिक्षणाच्या आशेने तिला आयव्हरी कोस्टमधून युरोपात घेऊन येणारी नात्यातील बाई आणि तिचा सोबती या दोघांनी तिचे अनन्वित हाल केले होते. चार स्थानिक संस्थांची समाजसेवा खाती, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके आणि दोन रुग्णालये यांच्या नजरेखालून ही मुलगी गेली होती. लॉर्ड लॅमिंग यांनी जानेवारी २००३ मध्ये सादर केलेल्या चौकशी अहवालात, तिला वाचविण्याच्या किमान बारा संधी हातच्या गेल्या, असे म्हटले आहे.

अशा वेळी लोकांचा संताप कोणावर तरी कोसळतो. येथे तो प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या तरुण समाजसेविकेवर कोसळला. तिची नोकरी गेली, मुलांमध्ये काम करण्यास तिला बंदी झाली; ती बंदी पुढे २००५ मध्ये न्यायाधिकरणाने उठविली. तिच्या कार्यालयाच्या स्वतःच्याच नियमाप्रमाणे एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त बारा प्रकरणे असावयाची. तिच्याकडे एकोणीस होती. लॅमिंग यांनी तिच्या चुकांवर पांघरूण घातले नाही, परंतु सर्वांत मोठे अपयश व्यवस्थापकांचे आणि वरिष्ठांचे आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविले. तो भाग मात्र लोकांच्या फारसा लक्षात राहिला नाही.

मुलांच्या संरक्षणाचे कायदे, योजना, वसतिगृहांच्या इमारती यांची चर्चा आपण पुष्कळ करतो. ते काम करणारी माणसे कोणत्या अवस्थेत काम करतात, हा प्रश्न मात्र आस्थापना विभागाच्या फायलीत पडून राहतो. वास्तविक मुलाचे भवितव्य त्याच फायलीशी बांधलेले असते. अमेरिकेच्या संसदेसाठी तेथील हिशेबतपासणी कार्यालयाने २००३ मध्ये केलेल्या पाहणीत, बालकल्याण खात्यातील कर्मचारी सरासरी दोन वर्षेही टिकत नाहीत, असे आढळले. त्याच सुमारास मिलवॉकी येथे जानेवारी २००३ ते सप्टेंबर २००४ या काळात सरकारी देखरेखीखाली आलेल्या मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. ज्या मुलांचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच व्यक्तीकडे राहिले, त्यांपैकी ७४.५ टक्के मुलांना कायमचे घर मिळाले. व्यक्ती एकदा बदलली की हे प्रमाण १७.५ टक्क्यांवर आले. आकडे चकित करणारे आहेत, तरी सावधगिरीने वाचले पाहिजेत. ज्याचे प्रकरण मुळातच गुंतागुंतीचे, ते रेंगाळणार आणि रेंगाळले म्हणजे त्यात माणसेही बदलणार. तेव्हा सारा दोष बदल्यांच्या माथी मारता येणार नाही. परंतु वर्षातून तीन वर्गशिक्षक बदललेला वर्ग ज्या शिक्षकाने हाती घेतला असेल, त्याला या आकड्यांत तथ्य आहे हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. फरक इतकाच, की येथे मुलाला दर नव्या माणसापुढे आपल्या मारहाणीची, उपासमारीची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. तिसऱ्यांदा ते बोलतच नाही.

याहून अधिक विचार करायला लावणारे संशोधन टेनेसी राज्यात झाले. चार्ल्स ग्लिसन आणि अँथनी हेमेलगार्न यांनी चोवीस परगण्यांतील बत्तीस सरकारी कार्यालयांचा आणि त्यांच्याकडील अडीचशे मुलांचा अभ्यास करून १९९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्यालयातील वातावरण, म्हणजे कामाची वाटणी न्याय्य आहे की नाही, आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे कर्मचाऱ्याला नीट कळते की नाही, सहकारी मदतीला येतात की नाही आणि दिवसाअखेर तो माणूस मनाने पार पिळून निघतो की नाही, यांवर मुलांच्या मानसिक प्रकृतीतील सुधारणा मुख्यतः अवलंबून असल्याचे त्यांना दिसले. उलट, निरनिराळ्या खात्यांत समन्वय साधण्यासाठी जी यंत्रणा उभारली होती, तिच्यामुळे कामाचा दर्जा घसरला होता! समन्वय समिती हा आपल्याकडील सर्व रोगांवरचा रामबाण उपाय असल्याने हा निष्कर्ष कित्येकांना रुचणार नाही. पण जबाबदारी समितीकडे गेली की मुलाला ओळखणारा माणूस निव्वळ कागद पुढे सरकविणारा उरतो, हे कोणत्याही कचेरीत बसलेल्या माणसाला ठाऊक असते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबई इलाख्याने बालकांसाठी कायदा केला तो १९२४ मध्ये. चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ मध्ये स्थापन झाली आणि आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा आरंभ १९३६ मध्ये मुंबईतच समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठी झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल कल्याण समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावयाचे असते आणि समितीपुढे आलेल्या मुलाची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावयाची असते. ही चौकशी म्हणजे मुलाच्या गावी जाणे, शेजाऱ्यांशी, शिक्षकांशी बोलणे, आई दडवते काय आणि का, हे ताडणे. ती कोणी करावयाची? २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत बाल संरक्षण कक्ष उभे राहिले, परंतु त्यांतील कर्मचारी प्रामुख्याने कंत्राटी ठेवले गेले. कंत्राटाची मुदत संपत आली की ज्याचे लक्ष स्वतःच्या पुढील आदेशाकडे लागलेले असते, त्याने अनोळखी मुलाच्या चार वर्षांपुढचा विचार करावा, ही अपेक्षा फाजील म्हटली पाहिजे.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. परंतु दर वर्षी नवी माणसे नेमणे आणि शिकविणे हाही खर्चच असतो. तो निराळ्या खात्यावर पडतो म्हणून दिसत नाही, इतकेच. शिवाय काही गोष्टींना पैसा फार लागत नाही. एका व्यक्तीकडील प्रकरणांना मर्यादा घालून ती प्रसिद्ध करावी. कठीण प्रकरणाची वरिष्ठांशी आठवड्यातून एकदा, तक्ते बाजूला ठेवून चर्चा व्हावी. एखादे मूल दगावले तर कर्मचाऱ्याला एकटे उघडे पाडू नये, त्याच्या टेबलावर किती फायली होत्या हेही त्याच चौकशीत पाहावे. विधिमंडळात बालगृहांची आणि मुलांची संख्या विचारली जाते. गेल्या वर्षात त्यांतील किती परिविक्षा अधिकारी काम सोडून गेले आणि त्यांच्याकडील मुले कोणाच्या हवाली झाली, असाही प्रश्न एखाद्या सदस्याने जरूर विचारावा.