पडवीतली जुनी सायकल : भंगारात द्यावी की चालवावी?

गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत धानाच्या कोठीशेजारी किंवा पडवीच्या भिंतीला टेकून उभी असलेली काळी, उंच दांडीची सायकल अजूनही अनेक घरांत सापडते. आजोबा तिच्यावरून बाजाराला गेले, वडील शाळेत गेले. घरात मोटारसायकल आली आणि ती कोपऱ्यात गेली. आता पन्नाशीला टेकलेल्या मुलाच्या रक्तात साखर निघते, डॉक्टर ‘रोज सायकल चालवा’ म्हणतात आणि घरच्यांचे लक्ष पुन्हा तिच्याकडे जाते. भंगारवाला तिची किंमत वजनावर करतो. तिची खरी किंमत ठरवायची कशी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अंगाला मानवेल का, हे आधी तपासायला हवे.

व्यायामाचा हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की तो पुरा होतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१७ साली ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोटार किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. सगळे श्रेय सायकलीलाच देता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

सायकल कोणत्या काळातली?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सायकली इंग्रजी घाटाच्या आहेत. रॅले ही नॉटिंगहॅमची, हर्क्युलस बर्मिंगहॅमची. स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियानात १९५६ मध्ये हीरो. आसनसोलला सेन-रॅले होती. हँडलखाली पुढच्या नळीवर कंपनीचा बिल्ला असतो, सीटच्या नळीजवळ फ्रेमचा क्रमांक कोरलेला असू शकतो. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्यावर बहुधा उत्पादनाचे सालही कोरलेले असते. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. तो अजून लटकत असेल, तर तोही वय सांगतो.

संग्राहक मूळ सुटे भाग, मूळ रंग आणि चामड्याची मूळ सीट यांना किंमत देतो. म्हणून विकायचा विचार असेल तर आधी रंग काढून नवा चढवू नये. त्याने सायकल चकचकीत होते, पण किंमत उतरते. अशा सायकली जपून ठेवल्या की काय दिसते, हे पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात पाहता येते. मात्र चालवायची असेल तर बिल्ल्यापेक्षा फ्रेम महत्त्वाची.

आधी हाडे तपासावीत

रोग्याला तपासताना जसे आधी पाहायचे, मग हात लावायचा, तसेच इथे. दिवसाच्या उजेडात नळ्यांचे सांधे पुसून पाहावेत. हँडलखालच्या सांध्याच्या मागे रंगाला सुरकुत्या किंवा नळीला फुगवटा दिसला, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. सांध्यात केसासारखी भेग दिसली तर ती सायकल चालवू नये. उतारावर चिमटा तुटला की जबड्याला आणि मेंदूला मार बसतो. वरवरचा गंज पुसला जातो. पण नळीवर टिचकी मारल्यावर आवाज बद्द येत असेल किंवा आतून गंजाची भुकटी गळत असेल, तर नळी आतून खाल्ली गेली असण्याची शंका घ्यावी.

मग चाके उचलून फिरवावीत. रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर दुकानदार तारा कसून आउट काढून देतो. चाक धरून आडवे हलवल्यावर खडखडले, तर छर्रे आणि कोन झिजलेले आहेत. पायडल मारताना प्रत्येक फेरीत एकदा ‘टक्’ असा धक्का बसला, तर बहुधा क्रँकची कॉटर पिन सैल आहे. ही दुरुस्ती स्वस्त, पण न केल्यास गुडघा बिघडवणारी. शेवटी सीट धरून सायकल सरळ ढकलत न्यावी. ती सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर चिमटा किंवा फ्रेम वाकलेली आहे.

ब्रेकबाबत तडजोड नको. जुन्या सायकलीच्या दांड्यांचे ब्रेक रिमला आतून रबर दाबतात, आणि लोखंडी रिम ओली झाली की सायकल थांबायला बरेच अंतर घेते. धानाच्या या जिल्ह्यात पावसाळा मोठा. रबर नवे घालावे आणि पावसात वेग निम्म्यावर ठेवावा.

चाल कशी ओळखावी?

जुन्या सायकलीचे वजन सुमारे २० किलो. हलकी म्हणून नावाजलेली जुनी इंग्रजी रेसर सायकल त्याच्या जवळपास निम्मी भरते. ६५ किलोच्या माणसाला याचा फरक सपाटीवर फारसा जाणवत नाही. चढावर मात्र ७५ ऐवजी ८५ किलो वर न्यावे लागतात, म्हणजे सुमारे १३ टक्के जास्त श्रम. आमगाव-तिरोड्याच्या धानाच्या बांध्यांमधल्या सपाट रस्त्यावर ही सायकल छान चालते. सालेकसा-दरेकसाच्या किंवा देवरीच्या डोंगराळ भागात ती दम काढते. तिथे उतरून ढकलण्यात कमीपणा नाही.

तिचा आराम घडणीत आहे. दोन चाकांतले अंतर लांब, चिमटा पुढे वळलेला, सीटखाली जाड स्प्रिंगा. खड्ड्याचा धक्का पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचेपर्यंत बराच विरतो. हवेच्या टायरचा वाटाही मोठा. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने १८८८ साली असा टायर केला, तो मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणूनच. टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेतच हवा भरावी. दगडासारखा टायर कंबर दुखवतो, मऊ टायर दमवतो. वापरात नसताना तडे गेलेला टायर मात्र बदलावाच.

गिअर एकच असतो. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ४५ फेऱ्या मारल्या की वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीला एवढे पुरे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका दम लागला की श्रम योग्य आहेत.

शरीराला जुळवावी

सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो, फार वर असली की मागून. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या कडेच्या मज्जातंतूवर दाब येतो आहे. हँडल थोडे वर घ्यावे आणि पकड बदलत राहावी. मात्र हँडलचा दांडा किमान अडीच इंच नळीच्या आत राहिलाच पाहिजे. जांघेत बधिरपणा आला तर सीटचे पुढचे टोक किंचित खाली करावे. दुखणे अंगावर काढू नये.

छातीत दुखणे, चालताना धाप लागणे किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल, तर आधी तपासणी करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांनी डॉक्टरांना विचारून, पाणी पीत, थकवा येण्याआधी थांबावे. उन्हाळ्यात सगळ्यांनीच सायकल सकाळी लवकर काढावी. हेल्मेट वापरावे.

घरीच दुरुस्ती करताना

जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणून कोरड्या पॉलिश पेपरने रंग घासू नये. ओला करून, अंगणात, नाक-तोंड झाकून घासावा, आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे. छर्रे धुण्यासाठी घेतलेले रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेले मूल ते पिते आणि ते फुप्फुसात जाते. गंजलेल्या पत्र्याने कापले तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. धनुर्वात गंजाने होत नाही, जखमेत गेलेल्या मातीतल्या जंतूंनी होतो.

आता किंमत. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, फ्री-व्हील, छर्रे आणि मजुरी यांची बेरीज कागदावर मांडावी. ती नव्या साध्या सायकलीच्या किमतीपेक्षा बरीच कमी आणि फ्रेम निर्दोष असेल, तर आजोबांची सायकल दुरुस्त करावी. फ्रेमला भेग असेल, तर आठवण म्हणून बिल्ला आणि घंटी काढून ठेवावी आणि बाकीची भंगारात द्यावी. तुटक्या चिमट्यावरून पडून मोडलेले हाड जोडायचा खर्च नव्या सायकलीपेक्षा कितीतरी जास्त असतो.